हिरव्या टॅगची घरटी

मोरे सर समोरच्या माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याची मान बघतात. मान सरळ असेल तर नमस्कार. एका बाजूला कललेली असेल तर आधी चौकशी, मग नमस्कार.

माझ्या इंटरव्ह्यूला मी सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून बसले होते. सरांनी ती मागितलीसुद्धा नाही. म्हणाले, "लेले, त्या खिडकीपर्यंत चालत जा आणि परत ये." मी गेले, आले. सर शेजारी बसलेल्या जैन मॅडमना म्हणाले, "चाल सीधी है. गोल नहीं घूमती. आँखें पूरी खुली. पीठ थोडी झुकी है. पीठ का एक दे दो, बाकी सब झीरो." मला वाटलं, नापास झाले. शून्य म्हणजे निरोगी, हे मला रुजू झाल्यावर कळलं.

आमच्याकडे पांढऱ्या उंदरांना मेंदूत बुरशीचा संसर्ग देतात आणि मग नवीन औषधाने तो बरा होतो का ते पाहतात. हे वाक्य मी घरी कधीच पूर्ण बोललेले नाही. बड्या गणपतीच्या देवळाजवळ आमचं घर आहे, तिथे पाहुणे आले की आई सांगते, "दवाईचं काहीतरी करते," आणि पोह्यांच्या प्लेटा आणायला आत जाते.

ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत असते. श्वासातून फुप्फुसात जाते. धडधाकट माणसाचं शरीर तिला तिथेच अडवतं. ज्याच्या अंगात अडवायची ताकद उरलेली नसते, त्याच्या मेंदूपर्यंत ती चढते. मग डोकं दुखतं, मग कमी दिसायला लागतं, मग माणूस घरच्यांना ओळखेनासा होतो. औषधं आहेत, पण ती जुनी, मूत्रपिंडाचं वाटोळं करणारी, आणि मेंदूत फारच थोडी शिरणारी.

शेवटचा मुद्दा सर नव्या मुलांना असा समजावतात: "मेंदू म्हणजे राजवाड्यामागच्या गल्लीतलं जुनं घर समज. म्हातारा मालक. ओळख पटल्याशिवाय दार उघडत नाही. औषध बिचारं पुढच्या दाराशी बेल वाजवत उभं. आणि ही बुरशी मागच्या जिन्याने कधीच भाड्याने राहायला आलेली. आता सांग, कुणाला काढणार?"

सरांनी उभ्या नोकरीत अशी कितीतरी औषधं तपासली. काचेच्या बशीत सगळ्यांनी बुरशी मारली. उंदरात एकाही औषधाने मारली नाही. "बशीत सगळे पैलवान," सर म्हणतात. प्रयोग संपला की दवाईच्या निकालाच्या जागी त्यांचे दोनच शब्द असतात: "पोचली नाही." पुढे पुढे हे दोन शब्द सगळीकडे लागले. डायरेक्टर साहेबांशी तासभर बोलून बाहेर आले की, "पोचली नाही." कँटीनच्या पोह्यांत जीरावनचा मसाला कमी पडला की चमचा खाली ठेवून, "पोचली नाही." एकदा पिंजरे धुणाऱ्या मांगीलालजींच्या मुलाच्या लग्नात बँडवाल्यांनी रस्ता चुकून भलत्याच मांडवासमोर वाजवायला सुरुवात केली, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "ही वरातसुद्धा पोचली नाही."

सर महूचे, त्या छावणीच्या गावाहून रोज बसने येतात. आजोबा फौजेत सुभेदार, वडील फौजेत, त्यामुळे बूट आरशासारखे. त्या चकचकीत बुटांवर रोज ते अ‍ॅनिमल हाउसची, म्हणजे उंदरांच्या खोल्यांत शिरायची, निळी प्लॅस्टिकची पिशवी चढवतात आणि दर वेळी एक उसासा टाकतात. माणसांना आडनावाने हाक मारतात, उंदरांना 'आप' म्हणतात. "आइए साहब, वज़न कर लेते हैं." वजनाच्या काट्यावर ठेवलेली उंदरीण निसटून बाहीतून खांद्यावर गेली तरी आवाज चढत नाही: "मैडम, ऊपर कुछ नहीं है, नीचे आइए."

लग्नाचं कुणी विचारलं तर सरांचं उत्तर ठरलेलं आहे. "मी कंट्रोल ग्रुप आहे. आईवडिलांनी बाकीच्या भावंडांची लग्नं करून पाहिली. तुलनेसाठी एक तसाच ठेवला."

"मग निकाल काय आला सर?" कुणीतरी विचारतंच.

"दोन्ही गट थकलेले. फरक आढळला नाही."

आजारी उंदराची तब्येत मोजायची एक पद्धत असते. केस विस्कटलेत का, पाठ वाकली का, डोळे मिटतात का, चाल कशी आहे, मान कलते का. प्रत्येकाला आकडा. बेरीज एका मर्यादेपुढे गेली की त्या उंदराला आणखी त्रास होऊ द्यायचा नाही, सुई देऊन संपवायचं. ती सुई सर दुसऱ्या कुणाला देऊ देत नाहीत. त्या दिवशी ते चहा घेत नाहीत, आणि त्याबद्दल बोलतही नाहीत. पण बाकी वेळ हीच मोजणी त्यांच्या डोळ्यांतून सगळ्या शहरावर चालू असते. सिग्नलवरचा ट्रॅफिक पोलीस: "केस विस्कटलेले, दोन." अकाउंट्सचे बाबू: "डोळे उघडे, प्रतिसाद नाही. तीन." सोमवारी सकाळी मी: "लेले, आज एकूण चार. घरी जाऊन झोप."

आमच्या इमारतीसमोर हॉस्पिटलची एक विंग आहे. तिथल्या पेशंटच्या पाठीतून काढलेलं पाणी तपासायला सरांकडे येतं. त्यात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की काळ्यावर पांढरी वलयं दिसतात, ती बुरशी. सरांना पेशंट म्हणजे फक्त ती वलयं माहीत. नातेवाईक मात्र बाहेरच्या बाकावर बसलेले असतात, आणि सरांची येण्याजाण्याची वाट त्या बाकावरूनच जाते.

त्या हिवाळ्यात बाकावर हातोद गावचा एक माणूस होता. मंडीजवळ त्याचं टेलरिंगचं दुकान, आत बायको अ‍ॅडमिट. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की, समोरच्या बिल्डिंगमध्ये याच बीमारीची नवी दवाई चूह्यांवर चालू आहे. तेव्हापासून तो रोज उभा राहून विचारायचा, "साब, चूहे कैसे हैं आज?"

सर थांबायचे. "अभी नहीं भिया."

"कोई बात नी साब. कल पूछूँगा."

ती नवी दवाई जैन मॅडमची. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत त्यांनी कित्येक वर्षं घालून बनवलेली फिकट पिवळी पूड. मॅडम मोठ्या आवाजाच्या, मोठ्या टिकलीच्या, आणि त्या पुडीचा उल्लेख 'हमारी बिटिया' असा करणाऱ्या. बशीत बिटियाने बुरशीचा पार धुव्वा उडवला होता. आता उंदरांची पाळी होती, आणि ही संधी शेवटची होती. प्रोजेक्टची मुदत संपत आली होती. या वेळी थोडातरी गुण दिसला तर मुदतवाढ, नाहीतर अ‍ॅनिमल हाउस बंद करून तिथे कॉम्प्युटरवरच्या परीक्षांसाठी हॉल करायचा, असं डायरेक्टर साहेबांनी सांगून टाकलं होतं.

"म्हणजे प्रयोग चालूच राहणार," सर म्हणाले. "फक्त प्राणी बदलणार."

सगळे हसले. सर पण हसले, पण नंतर बराच वेळ हातातल्या बुटाच्या पिशवीला गाठी मारत बसले.

या प्रयोगात घरट्यांची मोजणी मी सुचवली. उंदराला कापसाची दाबलेली वडी दिली की तो दातांनी ती पिंजतो आणि रात्रीतून वाटीसारखं घरटं करतो. मेंदू आजारी पडला की हे आधी थांबतं. वडी सकाळी तशीच पडलेली असते. म्हणून घरट्याला आकडा द्यायचा. मी हे एका लेखात वाचलं होतं आणि मीटिंगमध्ये बोलायचा धीर नव्हता म्हणून सरांना ईमेल केला, ते शेजारच्याच टेबलावर बसलेले असताना. सर ईमेल वाचून माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरटी-बिरटी. ठीक आहे. तू मोज, मला दाखवू नको." त्यात चूक काही नव्हती. कुठल्या रंगाच्या टॅगला नवं औषध, कुठल्याला जुनं आणि कुठल्या टॅगला नुसतं मिठाचं पाणी, हे आमच्यापैकी कुणालाच, मॅडमनासुद्धा, माहीत नव्हतं. दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी बाटल्या भरून, त्यांना रंग देऊन, रंगांची चिठ्ठी पाकिटात बंद करून डायरेक्टर साहेबांच्या कपाटात ठेवली होती. मनात काही येऊ नये म्हणून एकाने केलेली मोजणी दुसऱ्याला दाखवायची नसते. सर वजन आणि तब्येत पाहत, मी सकाळी घरटी.

शनिवारी मी आकडे एकत्र मांडले तेव्हा हिरव्या टॅगच्या उंदरिणींनी मला बुचकळ्यात टाकलं. वजन सगळ्यांत जास्त त्यांचंच उतरत होतं. पण घरटी! गोल, उंच कडांची, आत मऊ पिंजलेली. लाल आणि निळ्या टॅगच्या, त्यातल्या त्यात धडधाकटांनासुद्धा अशी जमत नव्हती.

मॅडमनी ग्राफ पाहिला आणि टेबलावर हात आपटला. "ये मेरी वाली है! वज़न तो दवा की गर्मी से गिरेगा ही. पर दिमाग देखो, दिमाग चल रहा है! मोरे जी, पहुँच गई! आपकी क़सम, पहुँच गई!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला मिठी मारली. मला मिठीत हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, म्हणून मी ग्राफ धरून उभी राहिले.

सर ग्राफ बघत होते. मग म्हणाले, "लेले, घरटी तू कधी बघतेस?"

"सकाळी सर. दिवे लागल्यावर, सगळ्यात आधी."

"हं," म्हणाले, आणि मफलर गुंडाळून निघून गेले.

त्या दिवसापासून सर इमारतीच्या मागच्या दाराने येऊ लागले. लांबचा वळसा आहे तो, धोबीघाटाच्या बाजूने. मला वाटलं, आनंद झालाय पण दाखवायचा नाही, म्हणून असेल. बाकावरचा हातोदचा भिया मला विचारायला लागला, "मैडम, साब दिख नी रिये? चूहे ठीक हैं ना?" मी म्हणाले, "शायद." इतकं खोटं-खरं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मीही मागच्या दाराने यायला लागले.

डायरेक्टरांच्या मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी मी बस स्टॉपवरून परत गेले, कारण डबा राहिला होता. अ‍ॅनिमल हाउसच्या आतल्या खोलीत दिवा होता. सर खाली, लाकडी पाटावर बसले होते. पुढ्यात हिरव्या टॅगचा पिंजरा, झाकण काढलेलं, एक हात आत. कापसाची अर्धी वडी पिंजलेली होती. बोटांच्या टोकांनी ते तिच्या कडा वर उचलत होते, मग आत थोडं दाबत होते. कोपऱ्यात ती उंदरीण पाठीचं धनुष्य करून बसली होती.

"दार लाव," सर म्हणाले. "हवा येते."

मी लावलं. विचारायचं खूप होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच: "सर, हिरव्यांनाच का?"

"टॅग कोण बघतो? जी सगळ्यात थकलेली दिसते तिचं करून देतो, संध्याकाळी. थकलेल्या सगळ्या हिरव्या निघाल्या, हे तुझ्या ग्राफवरून कळलं मला." मग म्हणाले, "इथला एसी माणसांच्या हिशोबाचा आहे. आपल्याला बरं वाटतं, त्यांना थंडी. पूर्वी एका पिंजऱ्यात पाच-सहा जणी असायच्या. एक आजारी पडली की बाकीच्या तिच्या अंगावर चढून झोपायच्या. गठ्ठाच व्हायचा. मला काही करावं लागायचं नाही."

आता प्रत्येकीला वेगळा पिंजरा होता. कारण घरटं कुणी बांधलं ते कळायला हवं, असं माझ्या ईमेलमध्ये लिहिलं होतं.

"तुझं शास्त्र बरोबर आहे," सर लगेच म्हणाले. "एकीचं घरटं दुसरीने बांधलं तर मार्क कुणाला द्यायचे?" आणि स्वतःच खुदकन हसले. ते हसू फार वेळ टिकलं नाही. "मला वाटलं, घरटी-बिरटी, त्यावर कोण निकाल लावणार आहे. शनिवारी मॅडम रडल्या. मी म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, परवा."

"सर, मग आज..."

"आज नाही बांधलं तर उद्या सकाळी तुझा ग्राफ कोसळणार. बांधलं तर ग्राफ खोटा. आणि हिला आत्ता थंडी वाजतेय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांची नजर मानेवर नव्हती. "सांग, काय करू?"

सरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. कडा पूर्ण केल्या, उंदरिणीला ओंजळीत उचलून आत ठेवलं, म्हणाले, "लीजिए मैडम," आणि झाकण लावलं.

मीटिंगमध्ये मॅडम नवी साडी नेसून आल्या होत्या. ग्राफ पडद्यावर लागला. डायरेक्टर साहेब चष्मा काढून म्हणाले, "वेरी गुड. ये हरे वाले तो कमाल हैं. एक्सटेंशन के लिए ये काफ़ी है."

सर उभे राहिले. बूट चमकत होते. "सर, हरे वालों का ये नंबर काट दीजिए."

"क्यों?"

"घोंसले मैंने बनाए हैं."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. साहेबांनी चष्मा परत घातला. "मतलब... चूहों के घर... आपने?"

"जी."

"आपने ख़ुद? किसलिए?"

"ठंड थी, सर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग दोघं-तिघं हसले. सर तसेच सावधान उभे. मॅडम हसत नव्हत्या. शेवटी साहेबांनीच कपाटातून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं, आता लपवण्यासारखं काय उरलं होतं. मॅडमनी ते फोडलं, चिठ्ठी वाचली आणि चिठ्ठी तशीच टेबलावर उपडी ठेवली.

"हरा मेरा ही था," त्या म्हणाल्या.

म्हणजे औषध मिळालेल्याच सगळ्यांत जास्त खालावल्या होत्या. आणि सर गप्प बसले असते तर औषध, घरटी, ग्राफ सगळं एकमेकांत चपखल बसलं असतं. कुणाला कधी कळलंही नसतं.

बाहेर जिन्यात मॅडमनी सरांना गाठलं. त्यांचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "चुप रह जाते मोरे जी. आपका क्या जाता?"

"फिर ये आगे जाती, मैडम. बड़े जानवर पे, फिर आदमी पे." सर कठड्याला धरून उतरत होते. "वहाँ घोंसला कौन बनाता?"

मॅडम तिथेच पायरीवर बसल्या. नवीन साडीचा पदर जिन्याच्या धुळीत लोळत होता. सर दोन पायऱ्या खाली थांबले, परत वर आले आणि त्यांच्या शेजारी बसले. मी वरच्या मजल्यावर उभी राहून मोबाइलमध्ये काही नसताना मोबाइल बघत राहिले.

नंतर सर पुढच्याच दाराने गेले. बाकावर दुसरंच कुणी बसलं होतं. हातोदचा टेलर बायकोला घेऊन सकाळीच गेला, असं वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या. घेऊन गेला म्हणजे कशी, हे सरांनी विचारलं नाही. मीही नाही.

अ‍ॅनिमल हाउस बंद करायचा आदेश निघाला. मोजमाप घ्यायला एक माणूस टेप घेऊन आला आणि नाकाला रुमाल लावून, किती कॉम्प्युटर बसतील ते मोठ्याने सांगत फिरला. उरलेल्या उंदरिणींना नियमाप्रमाणे सुई द्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, सरांच्या हाताने.

त्या संध्याकाळी मी पिंजऱ्यांवरचे टॅग काढत होते. सर आले, म्हणाले, "लेले, आता मोजायचं काही राहिलंय?"

"नाही सर."

"वजन? तब्येत?"

"नाही."

"मग सगळ्यांना एकत्र ठेव."

आम्ही सगळ्यांत मोठा पिंजरा घेतला. मी एकेकीला शेपटीच्या मुळाशी धरून, दुसऱ्या हाताचा आधार देऊन आत सोडत गेले. आधी त्या एकमेकींना हुंगून लांब झाल्या, चार कोपऱ्यांत चार. सरांनी आत कापूस टाकला, पण हात लावला नाही. नुसता टाकला. थोड्या वेळाने लाल टॅगच्या पिंजऱ्यातली एक धडधाकट उंदरीण कापूस ओढायला लागली. मग दुसरी. हिरव्यांतली ती पाठ वाकलेली जागची हलली नाही, तेव्हा बाकीच्याच सरकत सरकत तिच्याकडे गेल्या. एक तिच्या पाठीवर चढली, एक पोटाशी शिरली. शेवटी तिचा एक गुलाबी कान तेवढा बाहेर दिसत होता.

मी सरांकडे पाहिलं. वाटलं, आता काहीतरी आकडा सांगतील. ते एसी बंद करून आले आणि पाट ओढून पिंजऱ्यासमोर बसले.

"सर, महूची बस?"

"जाईन नंतरच्या बसने. तू नीघ." मफलर काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवला. "बसतो थोडा वेळ यांच्यात."